तिकीट कुणी काढलं?

फोटो कधी दाखवतोस, फोटो कधी दाखवतोस म्हणून नागपूरच्या मावशीपासून पुण्याच्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी भंडावून सोडलंय. दारव्ह्यासारख्या गावातला खत-बियाण्याचा दुकानदार मॉरिशसला जाऊन आला म्हटल्यावर तेवढा हक्क आहेच म्हणा नातेवाइकांचा. फोटो आहेत. निळा समुद्र आहे, नारळ आहेत, आणि बर्म्युडा घातलेला मीसुद्धा आहे (तो फोटो कुणालाही मिळणार नाही). पण गेल्या फेब्रुवारीपासून जे डोक्यात घोळतंय ते फोटोत नाही. म्हणून प्रवासवर्णन म्हणून सुरू केलेलं हे लिखाण तीनदा खोडलं आणि शेवटी जसं सुचेल तसं लिहायचं ठरवलं. लांबलंय जरा. सांभाळून घ्या.

आधी ही टूर 'लागते' कशी ते सांगतो, कारण आमच्या धंद्याबाहेरच्या मंडळींना वाटतं की कंपनी खूश होऊन बक्षीस देते. तसं नसतं. मे महिन्यात, खरीप सुरू व्हायच्या आधी, कंपनीचा प्रतिनिधी दुकानात येतो. चहा होतो. मग बॅगेतून एक गुळगुळीत कागद निघतो. इतक्या लाखांची उचल केली तर मिक्सर, इतक्याची केली तर सोन्याचं नाणं, इतक्याची केली तर गोवा, आणि त्याच्याही वर गेलात तर परदेश. माझ्या कागदावर 18 लाखांसमोर नारळाचं झाड आणि 'मॉरिशस' लिहिलं होतं. आता हा 18 लाखांचा माल पाऊस पडायच्या आधी, कीड दिसायच्या आधी घ्यायचा. आमच्या भाषेत त्याला प्लेसमेंट म्हणतात. म्हणजे माल कंपनीच्या गोदामातून निघून माझ्या गोदामात 'प्लेस' झाला. मग तो शेतकऱ्याच्या घरी जायला हवा. त्याला लिक्विडेशन म्हणतात. नावं कशी छान असतात बघा. अर्थ एवढाच, की जुलैत माझ्या रॅकवर जे औषध जास्त असतं, ते जावं असं मला मनापासून वाटत असतं. कीड कोणती आहे हा प्रश्न त्यानंतर येतो.

हे वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली. पण ते पुढे. आधी मॉरिशस.

मुंबईहून सहा तासांचं विमान. घड्याळ दीड तास मागे. विमानातून बेट दिसलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे हे तर सगळं उसाचं शेत आहे! उतरल्यावर वातानुकूलित बस, गळ्यात कंपनीच्या नावाचा पट्टा, मनगटावर रिसॉर्टचा प्लास्टिकचा पट्टा. हा मनगटावरचा पट्टा दाखवला की सगळं फुकट. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक नावाच्या गावाजवळचं रिसॉर्ट. नाव ऐकून आमच्यातल्या एकानं विचारलं, 'हे गाव हाय का चप्पल हाय?' तीन दिवस तोच विनोद पुरला.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स. समुद्राकडे पाठ करून बांधलेला हॉल, जाड पडदे ओढलेले, एसी इतका की दोघांनी मफलर मागितले. पडद्यावर आलेख, वर जाणारे बाण, नव्या मोलेक्यूलची नावं, 'आपण सगळे एक कुटुंब'. टाळ्या. मग पुढच्या वर्षीचं टार्गेट. अजून टाळ्या, पण जरा कमी. मी मागच्या रांगेत बसून पडद्याच्या फटीतून दिसणारी समुद्राची एक निळी पट्टी बघत होतो. एवढा खर्च करून आम्हाला इथे आणलं, आणि सहा तास जे दाखवलं ते नागपूरच्या कुठल्याही हॉटेलात दाखवता आलं असतं.

आणि जेवण! सकाळी इडली, दुपारी पनीर, रात्री 'महाराजा नाइट' म्हणून पुन्हा पनीर. भारतीय पाहुण्यांसाठी खास सोय म्हणे. बुफेच्या दुसऱ्या टोकाला लोक ढोल वाजवून नाचत होते. त्या नाचाला सेगा म्हणतात. गुलामीच्या काळात आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या लोकांचा नाच. रावान नावाची बकऱ्याच्या कातड्याची मोठी डफ असते. आमच्यातले काही त्यांच्यात जाऊन नाचले, व्हिडिओ निघाले, ग्रुपवर गेले. मी पनीरचा तुकडा चमच्यानं इकडून तिकडे करत होतो. साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून आलो, आणि ताटात काय, तर यवतमाळच्या कुठल्याही लग्नात मिळतं ते. उलट आपल्या लग्नात निदान डाळभाजी तरी असते.

माझ्या शेजारी पुसदचे एक मित्र होते, वयानं मोठे, याच धंद्यातले. ते म्हणाले, 'राजेहो, उद्या या पट्ट्याच्या बाहेर जाऊन जेवू. फुकटचं लय झालं.'

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर 'फ्री टाइम' होता. बाकीची मंडळी बोटीत गेली. आम्ही दोघं गेटबाहेर पडलो. गेटवरच्या माणसानं विचारलं टॅक्सी हवी का, आम्ही नको म्हणून हात हलवला आणि मुख्य रस्त्यावर येऊन कात्र बोर्नला जाणारी बस पकडली. दोन्ही बाजूंना ऊस. पुरुषभर उंच, हिरवागार. मॉरिशसचा तोडणीचा हंगाम जूननंतर सुरू होतो, त्यामुळे फेब्रुवारीत पीक उभं होतं. आणि त्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग, काही तर दुमजली घराएवढे. पुसदकर म्हणाले, 'हे काय देऊळ-बिऊळ हाय का?' देऊळ नव्हतं. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत बेसॉल्टचे धोंडे, आपल्याकडे असतो तोच काळा पाषाण. ऊस लावायचा तर ते वेचून बाजूला करावे लागायचे. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हातांनी वेचून रचलेले ते ढीग. मला आमच्या शेताच्या धुऱ्यावरचे, आजोबांनी वेचलेले दगड आठवले. तेवढेसे ढीग करायला त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इथले ढीग बघून छातीत काहीतरी झालं.

कास्काव्हेल नावाच्या गावापाशी आम्ही उतरलो. कारण सांगतो. आदल्या रात्री वेटरनं सांगितलं होतं की तिथे 'मराठे' राहतात. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे पुस्तकी माहीत होतं. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी विषय घेता येतो, 2023 मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला गेला, हे सगळं पेपरात वाचलेलं. पण बसमधून उतरून चार पावलं गेलो, तर एका काचेच्या पेटीच्या गाडीमागे एक बाई पोळ्या विकत होत्या, आणि मागच्या भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. पुसदकरांनी सरळ 'नमस्कार बाई' म्हटलं. बाई आधी दचकल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, 'नमस्कार! बसा!' पुढचं मराठी तिथेच संपलं. बाकी सगळं सिनेमातल्या हिंदीत, खाणाखुणांत आणि तिच्या क्रिओलमध्ये.

त्या पोळीला तिथे ढोल पुरी म्हणतात. ढोल म्हणजे आपली डाळ. शिजवलेल्या डाळीचा भुगा, अगदी कोरडा, पातळ पारीत भरून लाटलेली, हातात घेतली तर मऊसूत रुमालासारखी. एक मागायची नसते. 'एन पेर' म्हणायचं, म्हणजे जोडी. दोन पोळ्या एकावर एक, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोची झणझणीत रुगाय, कोथिंबिरीची चटणी, लोणचं, हिरव्या मिरचीचा ठेचा. मग गुंडाळायचं, कागदात बांधायचं आणि उभ्या उभ्या खायचं. पहिला घास घेतला आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायला लागलो. अहो, ही पुरणपोळी! गूळ काढलेली पुरणपोळी! सणाच्या दिवशी कुणी पुरणात गूळ घालायचं विसरलं आणि तिखटाबरोबर वाढली, तर अशीच लागेल.

मग 'गातो पिमां' दिले. हरभऱ्याच्या डाळीचे, मिरची घातलेले, छोटे खमंग वडे. आमच्या विदर्भात वडा-भातावर कुस्करतात त्यांचे थेट चुलतभाऊ. पुसदकरांनी आठ खाल्ले. मी मोजत होतो. बाई भाज्यांची नावं सांगत गेल्या. वांग्याला ब्रेंझेल, भेंडीला लालो, कोथिंबिरीला कोतोमिली (हे तमिळमधून आलेलं). पालेभाज्यांना ब्रेद, आणि तिचं पातळ पाणीदार बुयों रोजच्या भाताबरोबर. फ्रेंच शब्द, तमिळ शब्द, भोजपुरी शब्द, आणि या सगळ्याच्या खाली ती डाळ. पूर्वी करारावर आणलेल्या मजुरांना पगाराबरोबर जो शिधा मिळायचा त्यात तांदूळ, डाळ, तेल, मीठ असायचं. असलेल्या डाळीचं बाईमाणसांनी काय काय केलं असेल, ते त्या काचेच्या पेटीत मांडून ठेवलेलं होतं.

बाईंनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, 'दवा बेचता हूँ.' त्या म्हणाल्या, 'अच्छा, फार्मासी!' मी म्हटलं, नाही, कापसाची दवा. त्या खळखळून हसल्या. कापूस आजारी पडतो का, म्हणाल्या. आता काय सांगू? आपल्याकडे विषाला औषधच म्हणतात. 'औषध मारलं का', 'औषध आणायचं हाय'. बावीस वर्षांत या शब्दाकडे मी असं बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं.

बाकावर एक म्हातारे बसले होते, बाईंचे सासरे. उसाच्या मळ्यात उभं आयुष्य गेलेलं. इतका वेळ गप्प होते. सून आमचं बोलणं त्यांना क्रिओलमध्ये सांगत होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. इतक्या लांब आलात, तिकीट कुणी काढलं?

मी जरा ऐटीतच म्हणालो, कंपनीनं.

म्हातारे हसले. टिंगल म्हणून नाही, एखादी ओळखीची गोष्ट ऐकल्यासारखे. काहीतरी बोलले. सुनेनं सांगितलं, 'बाबा बोलतात, आमच्या पणजोबाचं तिकीट पण कंपनीनं काढलं होतं.'

पुसदकरही हसले. मीही हसलो. गातो पिमांचे पैसे देताना बाई नको नको म्हणत होत्या, ते आम्ही दिलेच. तिथला रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांना पडतो. दोघांचं पोटभर झालं ते रिसॉर्टमधल्या एका कॉफीच्या किमतीत झालं असेल. आणि चार दिवसांत स्वतःच्या खिशातून भरलेलं माझं ते एकच जेवण.

शेवटच्या दिवशी कार्यक्रमात 'पोर्ट लुई सिटी टूर आणि शॉपिंग' होतं. बस वॉटरफ्रंटवर सोडून दोन तास दिले. मी शॉपिंग सोडलं (सौ. अजून बोलून दाखवते) आणि चालत दहा मिनिटांवरच्या आप्रवासी घाटावर गेलो. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. 2006 पासून जागतिक वारसा. फार काही उरलेलं नाही. थोड्या दगडी भिंती, दवाखान्याचे अवशेष, आणि धक्क्यापासून वर येणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून आलेले मजूर या बंदरात उतरले. पुढच्या वर्षी, 1 फेब्रुवारी 1835 ला, बेटावरची गुलामगिरी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना आता वेगळ्या नावाचे मजूर हवे होते. 1920 पर्यंत जवळपास 5 लाख माणसं या मार्गानं आली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशकडची, काही मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकण-साताऱ्याकडची.

करार साधारण पाच वर्षांचा, पगार महिन्याला 5 रुपये. जहाजाचं भाडं मळेवाल्याचं. आणि एक दिवस कामावर गेलं नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही तिथली पद्धत. करार संपलेल्या माणसालाही 1867 च्या कायद्यानंतर स्वतःचा फोटो लावलेलं 'तिकीट' जवळ बाळगावं लागे. नसेल तर पोलीस धरत. त्या पायऱ्यांसमोर उभा राहून माझ्या मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा मला टोचायला लागला. म्हणून सांगतो, कुणी गैरसमज करून घेऊ नका. माझी आणि त्या मजुरांची तुलना मी करत नाही. मी पनीर खाऊन वजन वाढवून आलो, ते धोंडे वेचत मेले. पण म्हाताऱ्याचं वाक्य माझ्यावर नव्हतंच. कंपनी तिकीट काढते तेव्हा ते कुणीतरी फेडतं, एवढंच ते वाक्य होतं. त्यांच्या पणजोबानं स्वतः फेडलं. माझं कोण फेडतंय?

परतीच्या विमानात झोप आली नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांना 2017 वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्या वर्षी कपाशी उंच वाढली, माणसाच्या डोक्यावर गेली. बीटी कपाशीवरसुद्धा गुलाबी बोंडअळी आली. लोक घाबरले. दोन-दोन, तीन-तीन औषधं मिसळून दमट उकाड्यात, अंगात साधा सदरा आणि तोंडाला फडकं बांधून फवारत राहिले. डोक्याच्या वर फवारा मारायचा म्हणजे तो परत अंगावरच येणार. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या आसपास यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात होते. विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, देशभरातले पत्रकार आले आणि गेले.

त्या शेकड्यांतला एक माझ्या दुकानातून औषध घेऊन गेला होता. मजुरी करणारा, पंपावर फवारायला जाणारा. मालकानं पाठवलं होतं. काउंटरवर त्यानं विचारलं, 'भाऊ, अळी लय झाली, कोनतं देता?' मी दोन बाटल्या दिल्या आणि वर एक टॉनिक. दोन्ही एकत्र मारली तरी चालतात, असंही सांगितलं. त्यातली एक बाटली त्या वर्षीच्या स्कीममधली होती. तिच्यावर लाल त्रिकोण होता. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, हे मला माहीत होतं. त्याला सांगितलं नाही. संध्याकाळची गर्दी होती.

तो वाचला. पंधरा-वीस दिवस डोळ्यांपुढे अंधारी होती. अजूनही दुकानात येतो, 'रामराम भाऊ' म्हणतो, माझ्यावर त्याचा रागबिग काही नाही. दोष कुणाचा होता, औषधाचा, पंपाचा, हवेचा, मालकाचा की माझा, हे कुठल्या कागदावर आलेलं नाही आणि येणारही नाही. पण त्याच डिसेंबरात मी त्या स्कीमच्या टूरवर थायलंडला जाऊन आलो. घरच्यांनो, ते फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. छान आलेत म्हणालात.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता माझं म्हणणं. दुकानदार चोर असतो असं मला म्हणायचं नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात बँक दारात उभं करत नाही तेव्हा उधारीवर बियाणं कोण देतं? आम्हीच. दिवाळीपर्यंत, कधीकधी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतं कोण? आम्हीच. त्यातली काही उधारी बुडते. मार्जिन पातळ, जीएसटी, परवाने, तपासण्या, वर्षभर दुकान सोडून हलता येत नाही. अशा माणसाला चार दिवस समुद्र दिसला तर कुणाच्या पोटात का दुखावं? माझा एक चुलतभाऊ टायरचा धंदा करतो, तोही टूरला जातो. सिमेंटवाले जातात, रंगवाले जातात. मग आम्हीच काय पाप केलं?

पाप नाही, पण फरक आहे, आणि तो मला त्या बाकावर बसल्यावर कळला. टायर घ्यायला येणारा माणूस टायर मागतो. माझ्याकडे येणारा पान तोडून आणतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, 'कोनतं मारू?' तो वस्तू विकत घ्यायला येत नाही, सल्ला घ्यायला येतो, आणि त्या सल्ल्याचे पैसे वेगळे द्यावे लागत नाहीत म्हणून तो फुकट आहे असं समजतो. कृषी सहायकाकडे कितीतरी गावं असतात, तो बांधावर भेटेलच असं नाही. मी रोज सकाळी नऊला शटर उघडतो. म्हणून त्याच्या पिकाचा डॉक्टर मी. मी ती वर्षभराची देसी पदविकाही केली, दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी वर्गात बसून. कीड ओळखायला शिकलो, आर्थिक नुकसानीची पातळी शिकलो, म्हणजे अळ्या अमुक संख्येच्या वर गेल्याशिवाय फवारूच नये, हे शिकलो. सगळं पाठ आहे. पण ऑगस्टात काउंटरवर उभा असतो तेव्हा माझ्या एका कानात ती पदविका बोलते आणि दुसऱ्या कानात रॅकवरचा माल.

माणसांच्या डॉक्टरांच्या बाबतीत हे सरकारला कळलेलं आहे. 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी जी आचारसंहिता आली, तिच्यात डॉक्टरांना आणि त्यांच्या कुटुंबाला सहलीचं तिकीट नि रिसॉर्टचा मुक्काम देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. ती किती पाळली जाते ते सोडा, पण तत्त्व मान्य झालं. जो सल्ला देतो, त्याचं तिकीट विकणाऱ्यानं काढू नये. मग पिकाच्या डॉक्टरानं कापसाची 'औषधं' लिहून देताना ते का लागू नसावं? इथे तर ते औषध मारणारा माणूसच मरू शकतो.

म्हणून मला वाटतं, आमच्या धंद्यातल्या टूर स्कीम बंद व्हाव्यात. सरकारनं केल्या तर उत्तम. जे पैसे आमच्या समुद्रावर जातात, ते सरळ बिलात सूट म्हणून द्या, म्हणजे शेतकऱ्याला भाव तोडून मागता तरी येईल. नाहीतर त्याच पैशांतून प्रत्येक लाल त्रिकोणाच्या बाटलीबरोबर हातमोजे आणि मास्क द्या. आणि स्कीम ठेवायचीच असेल, तर किती माल गावात आला यावर न ठेवता हंगामाच्या शेवटी किती माल शिल्लक राहिला तो परत घेण्यावर ठेवा. न खपलेला माल परत जातो ही खात्री असेल, तर दुकानदार ऑगस्टात 'अजून थांब, फवारू नको' असं म्हणू शकतो. आज ते वाक्य त्याला परवडत नाही.

हे सगळं दुकानदारांच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना आहे. पुसदकरांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'बरोबर हाय तुमचं. पन तुमी सोडली तर ती टूर बाजूवाला घेईन. कास्तकाराचं काय बदललं?' याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. दारव्ह्याची आमची शकुंतला रेल्वे आठवते मला अशा वेळी. इंग्रजांच्या काळात कापूस बाहेर न्यायला टाकलेली अरुंद रुळांची गाडी, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. मॉरिशसला ऊस, आम्हाला कापूस. रूळ कुणी टाकले, माल कुठे गेला, हे तेव्हाही शेतात उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

या मे महिन्यात प्रतिनिधी आला. पोरगा चांगला आहे, माझ्या मुलाच्या वयाचा, त्याच्यावरही टार्गेट आहे. चहा झाला. गुळगुळीत कागद निघाला, यंदा वेगळं बेट. मी म्हटलं, बाबू, यंदा लागेल तसा माल उचलतो, आठवड्या-आठवड्याला. तो म्हणाला, 'काका, टूर जाईल तुमची.' म्हटलं जाऊ दे. तो इतका गोंधळला की कागद टेबलावरच विसरून गेला. सौ. ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आपल्या पैशानं कोकणात नेणार असाल तर माझी हरकत नाही. तेव्हा दिवाळीनंतर गणपतीपुळे ठरलंय. मावशी, तुम्ही येणार का, कळवा.

असो. यंदा विक्री कमी झाली आहे, हे लपवत नाही. रॅकवर लाल त्रिकोणाच्या बाटल्यांपुढे एक पाटी लावली आहे, मोठ्या अक्षरात, मुलीनं लिहून दिलेली. काहीजण वाचतात. जे वाचू शकत नाहीत त्यांना मी वाचून दाखवतो, गर्दी असली तरी. परवा तो फवारणीवाला आला होता, त्यालाही दाखवली. तो म्हणाला, 'हे आधी नोतं ना भाऊ?' मी नाही म्हटलं.

आणि हो, ढोल पुरी घरी करून बघितली. पहिल्या चार फाटल्या. डाळ कोरडी करायला जमत नाही. आईनं एक घास खाऊन विचारलं, 'काऊन रे, गूळ संपला का?'